अकरावा ठोकळा

खोबणीचा खालचा काठ गोल झाला आहे, वरचा अजून धारदार आहे. तोंडाशी रुंदी एकशे बेचाळीस मिलिमीटर, उंची एकसष्ट. खोली डावीकडे चौऱ्याण्णव, उजवीकडे सत्त्याण्णव. खालच्या काठाची झीज मी तीन ठिकाणी मोजली. मध्यभागी ती सर्वांत जास्त भरली, नऊ मिलिमीटर. हात आत घालताना मनगट खालच्या काठावर टेकतं, वरच्या काठाला कोणी लागत नाही, म्हणून हा फरक. चांगल्या प्रतीचं काँक्रीट नऊ मिलिमीटर घासायला आमच्या लॅबमध्ये पोलादी चकती लागते. इथे ते काम एकेचाळीस वर्षांत माणसांच्या मनगटांनी केलं होतं. मी आकडे वहीत उतरवले.

ही खोबण आमच्या चर्चच्या उजव्या भिंतीत आहे. चर्च बांधलं तेव्हा लोकांनी त्याला नाव ठेवलं होतं ‘टाकी’. जुन्या चर्चला कमानी होत्या, मनोरा होता, रंगीत काचा होत्या. ते पाडलं आणि त्या जागी हे उभं राहिलं. नुसतं राखाडी काँक्रीट, एक लांबलचक वळणदार भिंत, खांब एकही नाही. “पाणी कधी सोडणार?” असं लोक पहिल्या फादरांना तोंडावर विचारायचे म्हणे. पण छप्पर आणि भिंत यांच्यामध्ये साहेबांनी, म्हणजे चर्चच्या आर्किटेक्टनी, वीतभर फट ठेवली होती. सकाळच्या मिस्सेला, म्हणजे उपासनेला, त्या फटीतून उजेड येतो आणि भिंतीवरून उतरत जातो. ओल्या काँक्रीटवर उमटलेले फळ्यांचे ठसे, लाकडाच्या रेषा, गाठी, सगळं त्या उजेडात एकेक करून दिसायला लागतं. इथे शब्द संपल्यावर आवाज जवळपास तीन सेकंद टिकतो. गाणाऱ्या बायका आपल्या चालीत तेवढी जागा सोडतात. ती त्यांना कोणी शिकवलेली नाही, भिंतीनेच शिकवली. दोन-तीन वर्षांत ‘टाकी’ हे नाव मागे पडलं.

खोबणीला मात्र पहिल्यापासून एकच नाव आहे, कूस. क्रूसावरच्या येशूच्या कुशीत भाला खुपसला होता, आणि नंतर शंकेखोर थोमाला त्या जखमेत हात घालून बघायचं होतं, ती कूस. साहेबांनी ती मुद्दाम भिंतीत ठेवली, असं सगळे मानतात. वेदीवरच्या क्रूसापासून ती दोन मीटर तीस सेंटिमीटर दूर का, हा प्रश्न माझ्याआधी कोणाला पडलेला दिसत नाही.

फादरांनी आमच्या लॅबला बोलावलं ते कुशीखाली उमटलेल्या डागामुळे. डाग तांबूस होता, अडतीस सेंटिमीटर लांब, खाली निमुळता होत गेलेला. कोणीतरी त्याला रक्त म्हटलं आणि पुढच्या रविवारी बाहेरगावची माणसं बस करून आली.

“हे बघा बाई,” फादर मला म्हणाले, “चमत्कार करू नकोस असं मी देवाला सांगू शकत नाही. पण हा लॅबमधून पास होऊन येऊ दे. नाहीतर उद्या सज्जाखाली ओल आली की लोक विचारतील, हे कोणाचे अश्रू.”

मी डागाजवळ बारीक भोक पाडून काँक्रीटची भुकटी काढली, पाण्यात ढवळली, गाळली, आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. नळी दुधासारखी पांढरी झाली.

“मीठ आहे,” मी म्हटलं. “बरंच. मिठाने आतली सळई गंजते, तो गंज खाली ओघळलाय. पण समुद्र तर इथून लांब आहे.”

फादर मागे वळले. मग दाराशी असलेल्या दगडी कुंडाकडे त्यांनी हात केला. “पवित्र पाण्यात आम्ही मीठ घालतो. जुना रिवाज आहे. चिमूटभर.”

“चिमूटभर?”

“मूठभर,” ते म्हणाले. “पण माझी मूठ लहान आहे.”

लोक आत येताना कुंडात बोटं बुडवतात, कपाळाला लावतात आणि तीच ओली बोटं घेऊन सरळ कुशीकडे जातात. एवढा खुलासा पुरेसा होता, पण एक गोष्ट जुळत नव्हती. काँक्रीट पाणी पितं, तरी एवढं धरून ठेवत नाही. मी खोबणीच्या तळाशी सुई टोचली. ती टेकून थांबायला हवी होती. ती आत गेली, भिजलेल्या पुठ्ठ्यात जावी तशी. बाहेर काढली तेव्हा टोकाला तपकिरी तंतू होता. भिंगाखाली पाहिलं, लाकूड.

मी फादरांकडून जुने नकाशे मागून घेतले. चौदा नंबरच्या कागदावर ती भिंत होती, प्रत्येक सळईसकट. खोबण नव्हती. कागदाच्या कोपऱ्यात तीन सह्या होत्या. साहेबांची, ठेकेदाराची, आणि शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायला फळ्यांचा साचा बांधणाऱ्या, मिस्त्रीची. तिसरी सही माझ्या सासऱ्यांची होती.

*

गुरुवारी संध्याकाळी सासूबाई गाण्याच्या सरावाला गेल्या होत्या. बाबा मागच्या पडवीत स्टुलाच्या पायाला रंधा मारत बसले होते. वय चौऱ्याहत्तर, पण रंध्याची सालपटं अजून अखंड निघतात.

“बाबा, भिंतीत लाकूड आहे.”

“कुठल्या भिंतीत?”

“तुम्हाला माहीत आहे कुठल्या.”

रंधा थांबला. “किती?”

‘कसं’ नाही, ‘कुठून आलं’ नाही. किती.

“मोजता आलं नाही. वीस सेंटिमीटर असावं.”

“साडेवीस,” बाबा म्हणाले.

मी दाराच्या उंबऱ्यावर बसले. त्यांनी हातातला स्टुलाचा पाय पुसला, बाजूला ठेवला, पुन्हा उचलला.

“भिंत भरताना दोन्ही बाजूच्या फळ्या आत ढळू नयेत म्हणून मध्ये ठोकळे घालतात. काँक्रीट वर चढेल तसा एकेक ठोकळा काढून घ्यायचा. त्या भागात अकरा होते. काढलेले सगळे बाहेर रचायचे आणि घरी जायच्या आधी मोजायचे. माझा नियम होता. पोरांना शिव्या घालून शिकवला होता मी.”

“आणि त्या दिवशी?”

“त्या दिवशी तुझा नवरा दवाखान्यात होता. तीन महिन्यांचा. ताप उतरत नव्हता. दुपारी निरोप आला, या म्हणून. मी दोन तास जाऊन आलो. परत आलो तर भिंत वरपर्यंत भरलेली. विचारलं, सगळे निघाले? म्हणाले, निघाले. मी ढीग मोजला नाही.” त्यांनी बोटाने लाकडावरची गाठ चाचपली. “आयुष्यात एकदाच मोजला नाही.”

आठवड्याने फळ्या काढल्या तेव्हा भिंतीत ठोकळ्याचं तोंड दिसलं. बाहेरच्या बाजूने त्यांनी त्यावर लगेच पातळ गिलावा मारून टाकला. आतल्या बाजूने छिन्नीने चार बोटं खोल लाकूड कोरून काढलं. आणखी निघेना. तेवढ्यावरच सिमेंटचा मसाला भरून बुजवायचं होतं. मसाला कालवायला माणूस गेला आणि तेवढ्यात सासूबाई आल्या, दवाखान्यातून, डबा घेऊन.

“दोन रात्री झोपली नव्हती ती. मला विचारलं, हे काय? आणि उत्तराची वाट न बघता हात आत घातला. डोळे मिटले. ओठ हलायला लागले. मी छिन्नी घेऊन उभा.” बाबांनी बोटावरचा भुसा झटकला. “मग परत विचारलं, अहो, हे काय आहे? मी म्हटलं, नकाशात आहे. साहेबांनी ठेवलंय.”

“का?”

“मग काय सांगू? तुझा देव म्हणजे माझी चूक, असं सांगू? त्या वेळी?”

संध्याकाळपर्यंत बाळाचा ताप उतरला. दुसऱ्या दिवशी खोबणीखाली मेणबत्त्या होत्या. तिसऱ्या दिवशी रांग होती. साहेब थेट उद्घाटनाला आले. पहिले फादर सगळ्यांदेखत त्यांना म्हणाले, तुमची ही कूस म्हणजे कळस आहे. साहेबांनी खोबणीकडे बघितलं, मग बाबांकडे बघितलं.

“आणि?”

“तो गप्प बसला, मीही गप्प बसलो. दोघांचीही सोय झाली.”

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. कारण मला जे सांगायचं होतं ते सोपं नव्हतं. दुरुस्तीची एजन्सी सोमवारी सकाळी येणार होती. त्यांची पद्धत ठरलेली. हिऱ्याच्या दातांचं यंत्र लावून आरपार गोल भोक पाडायचं, लाकूड, गंज, खराब काँक्रीट सगळं एकदम काढायचं, आणि भिंत दोन्ही बाजूंनी भरून सपाट करायची. आत काय आहे आणि कसं बसलंय हे ठाऊक नसताना दुसऱ्या कोणत्याही पद्धतीची हमी ते देत नाहीत.

“म्हणजे बुजणार.”

“पूर्ण. खूणही राहणार नाही.”

“मग बरंच झालं की.” बाबा रंधा घेऊन उठलेच. “एकेचाळीस वर्षांचं राहिलेलं काम परस्पर होतंय.”

“हाताने काढता येणार नाही?”

“न यायला काय झालं? ठोकळा निमुळता आहे, जाड तोंड बाहेरच्या बाजूला. गिलावा फोडायचा, दोन बाजूंनी पाचर मारायची, मागे खेचायचा. सळईला धक्का नाही. आतलं भोक आहे तसं राहील.” एवढं बोलून त्यांच्या लक्षात आलं आणि ते थांबले. “हे रिपोर्टात लिहू नकोस.”

“लाकूड आहे हे लिहावं लागेल. कोणी ठेवलं ते लिहिणार नाही. पण ठोकळा कसा बसलाय हे मी माझ्या नावावर नाही लिहू शकत, बाबा. मी पाहिलेलं नाही. ऐकीव माहितीवर यंत्र थांबत नाही. ज्याने केलं त्याने पुढे येऊन सांगावं लागतं.”

त्यांनी रंधा खाली ठेवला.

“कूस गेली तर ती रडेल,” ते शेवटी म्हणाले. “पण देवाने दिली, देवाने नेली, असं म्हणेल आणि उठेल. मी विसरलेली वस्तू होती ती, असं कळलं तर कशाच्या जोरावर उठेल? चाळीस वर्षं दर रविवारी हात घालत आलीय.” मग फाटकाचा आवाज आला, सासूबाई आल्या होत्या, आणि बाबा घाईघाईने म्हणाले, “रविवारपर्यंत बघू.”

त्यांचं हे ‘बघू’ माझ्या नवऱ्याच्या वयाचं होतं.

*

शनिवारी चर्च झाडायची पाळी सासूबाईंची असते. सळई भिंतीत किती खोल आहे त्याची नोंद घ्यायची राहिली होती, म्हणून मीही गेले. सळई सापडली की वाजणारा मापक भिंतीवर सावकाश सरकवावा लागतो, त्यामुळे दोन तास मला कुशीपासून दहा पावलांवर राहणं भाग होतं. ते दोन तास मी सळईपेक्षा माणसंच जास्त पाहिली.

रात्रपाळी संपवून एक नर्स आली. तिने हात घातला, डोळे मिटले नाहीत, दुसऱ्या मनगटावरच्या घड्याळात बघितलं. साधारण एक मिनिट. रुग्णाची नाडी मोजावी तशी ती उभी होती. मग एक माणूस एक्स-रेचं मोठं पाकीट घेऊन आला. पाकीट आत मावेना, म्हणून त्याने नुसता कोपरा आत टेकवला. एका बाईला दिसत नव्हतं. ती भिंतीवर तळवा ठेवून फळ्यांचे ठसे मोजत आली, आणि बरोबर एकोणिसाव्या फळीशी थांबून तिने हात उचलला. शेजारच्या गल्लीतला चष्म्याच्या दुकानाचा मालक आला. तो आमच्यातला नाही. पण दुकान उघडायच्या आधी रोज येतो. कुंडातल्या पाण्याला हात लावत नाही, वेदीकडे बघत नाही, कुशीत चार बोटं ठेवतो आणि जातो.

कोणी काही मागताना ऐकू आलं नाही. बहुतेक जण हात बाहेर काढल्यावर एकदा तळव्याकडे बघत होते.

मी आयुष्यभर काँक्रीटला एकच प्रश्न विचारत आले, किती भार घेशील. घन ठोकळे दाबयंत्रात ठेवते आणि ते फुटले की आकडा लिहिते. या भिंतीचा असा आकडा माझ्याकडे होता आणि तो चांगला होता. पण त्या सकाळी तिच्यावर जे टेकवलं जात होतं त्याच्यासाठी माझ्या वहीत रकाना नव्हता.

“बघतेस काय?” सासूबाई फडकं पिळत म्हणाल्या. “मापं झाली का?”

“होत आलीत.”

“पोस्टमास्तर म्हणत होते, बुजवल्यावर तिथेच नवी कोरून घेऊ, संगमरवरी चौकटीत. मी म्हटलं, उद्या तुमची आजी गेली तर दुकानातून नवी आणाल का?” त्या बाकावर टेकल्या. पोस्टमास्तर म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, समितीचे अध्यक्ष. चर्चवर पुस्तिका लिहीत होते, त्यात सहा पानं एकट्या कुशीवर होती.

“आई, यात हात पहिला कोणी घातला, माहीत आहे?”

“मी.” त्या हसल्या. “लोक विसरले. मीही सांगत नाही, उगाच मान खाल्ल्यासारखं. तुझा नवरा दवाखान्यात होता. आज सहा फूट आहे आणि घोरतो, पण तेव्हा एवढासा, हातातल्या पावासारखा. मी डबा घेऊन आले तर हे छिन्नी घेऊन उभे, भूत बघितल्यासारखे. मला वाटलं काम बिघडलं की काय. म्हणाले, नाही, नकाशात आहे.” फडकं त्यांनी मांडीवर घडी करून ठेवलं. “ताप उतरला तो औषधाने उतरला, मला कळतं. मी काही अडाणी नाही. पण मला त्या दिवशी काय वाटलं सांगू? एवढा शिकलेला साहेब, एवढ्या मोठ्या भिंतीचा हिशोब करत बसलेला, आणि तरी माझ्या हाताएवढी जागा ठेवायला विसरला नाही. कोणीतरी आपली आठवण ठेवतं. बस, तेवढ्यावर मी काढली इतकी वर्षं.”

माझ्या हातातला मापक एकाच जागी थांबला होता. तो ‘सळई, सळई’ असं पिपाणी वाजवून सांगत होता.

“तुझ्या त्या यंत्रवाल्यांना सांग,” त्या उठत म्हणाल्या, “जरा हळू करा म्हणावं.”

घरी आल्यावर मी बाबांना काही सांगितलं नाही. सांगायचीही गरज नव्हती. सासूबाईंनी तीच गोष्ट जेवताना पुन्हा सांगितली, साहेबाच्या आठवणीसकट. बाबा अर्ध्या ताटावरून उठले. “भूक नाही,” म्हणाले. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली तरी हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं, असं सासूबाई म्हणाल्या आणि ओव्याची डबी शोधायला लागल्या.

*

रविवारी मिस्सा संपल्यावर फादरांनी सगळ्यांना बसायला सांगितलं.

“डागाचा रिपोर्ट आला आहे,” ते म्हणाले. “तो गंज आहे. कारण मीठ. मीठ मी घातलं आणि तुम्ही हाताने नेलंत, तेव्हा अपराध वाटून घेऊ.” लोक हसले. “आत लाकूडही आहे. कसं आलं माहीत नाही. ते काढलं नाही तर भिंतीचा तेवढा भाग सुटेल, कोणाच्या तरी डोक्यावर. उद्या सकाळी यंत्र येईल. कूस बंद करावी लागेल.” ते थांबले. तीन सेकंद ते वाक्य भिंतीवर राहिलं. “ज्यांना हात लावायचा असेल त्यांनी आज लावून घ्या.”

कोणी रडलं-ओरडलं नाही. बाकं सरकली आणि रांग लागली. सांगावं न लागता म्हातारी माणसं पुढे गेली, मग लहान मुलं असलेल्या बायका. रांग मधल्या वाटेने मागे गेली, दाराबाहेर गेली, पायऱ्या उतरली. चष्म्यांचा दुकानदार, जो रविवारी कधी येत नाही, तो पायरीवर उभा होता. त्याला कोणी कळवलं होतं कोण जाणे. दोनशेच्या वर माणसं असतील आणि ऐकू येत होते ते फक्त पायांचे आवाज. काहींनी हात घालायच्या आधी तो साडीला, पँटला पुसून कोरडा केला. मिठाचं ऐकलं होतं ना.

बाबा नेहमीच्या जागी होते. डाव्या बाजूला, गाणाऱ्यांच्या चौथऱ्यामागे. तिथून वेदी दिसते, कूस दिसत नाही. या जागेचं कारण मी गुरुवारपर्यंत कधी विचारात घेतलं नव्हतं. सासूबाई रांगेत सर्वांत शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. पुढच्या बायका त्यांना खुणेने बोलावत होत्या, त्या हातानेच नको म्हणत होत्या. सगळ्यांचं होऊ दे, असं.

रांग निम्मी सरली, तिचं शेपूट दाराच्या आत आलं, तेव्हा बाबा उठले.

ते मधल्या वाटेवर आले आणि पुढे जायच्या ऐवजी मागे, दाराकडे चालायला लागले. “मिस्त्री, घरी निघालात?” पोस्टमास्तरांनी विचारलं. बाबांनी ऐकलं नाही. ते सासूबाईंच्या समोर जाऊन उभे राहिले. मी चार माणसं सोडून होते.

“अगं,” ते म्हणाले, “ऐक.”

“रांगेत या ना. मध्ये काय घुसता?”

“ते नकाशात नव्हतं.”

“काय?”

“कूस. साहेबाने ठेवली नाही. माझा ठोकळा आत राहिला. अकरा होते, दहाच काढले गेले, मी मोजले नाहीत. तू आलीस तेव्हा मी बुजवत होतो.”

ते हळू बोलले होते, पण आमच्या चर्चमध्ये हळू बोललेलंही पोचतं. माणसं वळली. पोस्टमास्तर घाईने जवळ आले. “मिस्त्री, काहीतरीच काय बोलता? वास्तुरचनेचा गाभा आहे तो! मी सहा पानं लिहिली आहेत!”

“सहाही चांगली असतील,” बाबा म्हणाले. “पण भोक माझं आहे.”

फादर वेदीवरून उतरून आले. त्यांनी काही विचारलं नाही. सगळे सासूबाईंकडे बघत होते. कारण बाबा दुसऱ्या कोणाकडे बघतच नव्हते.

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, परत केला. मी त्यांच्याजवळ जायला निघाले आणि मध्येच थांबले.

“माझ्याशी खोटं बोललात,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“चर्चमध्ये. हातात डबा होता माझ्या.”

“हो.”

“आणि इतकी वर्षं मी त्या साहेबासाठी मेणबत्ती लावतेय! दर वर्षी! त्याला आत्तापर्यंत कळलंसुद्धा नसेल, ही कोण बाई म्हणून!”

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. सासूबाई हसल्या नाहीत. त्या बाबांकडे एकटक बघत होत्या.

“मोजले नाहीत म्हणजे? तुम्ही तर घरातले चमचे मोजता. कुठे होतात?”

“दवाखान्यात,” बाबा म्हणाले. “भिंत भरली त्या दिवशी. दुपारी. तू निरोप पाठवला होतास.”

 सासूबाईंना तो दिवस आठवत होता, ते मला दिसत होतं. “बाकावर बसला होतात,” त्या सावकाश म्हणाल्या. “अंगावर सगळं सिमेंट. नर्स ओरडली तुम्हाला. तुम्ही त्याचा पाय धरून बसला होतात, सोडत नव्हतात. मीच म्हटलं, जा आता, काम आहे.”

“हो.”

“तेव्हा राहिला?”

“तेव्हाच.”

 रांगेत आता कोणीच हलत नव्हतं. मग सासूबाईंनी बाबांच्या शर्टाच्या बाहीला धरलं, रागाने की आधाराला ते मला सांगता येणार नाही, आणि धरूनच ठेवलं.

फादरांनी घसा साफ केला. “मिस्त्री, म्हणजे आत काय आहे, कसं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे.”

“मी बसवलाय तो.”

फादरांनी माझ्याकडे बघितलं. “बाई, हे सांगतायत ते रिपोर्टात चालेल?”

“सही केली तर चालेल,” मी म्हटलं. “मग यंत्र लावायची गरज नाही. हाताने निघेल. त्यानंतर आतली खोबण बुजवायची की ठेवायची, तो प्रश्न माझ्या शास्त्रातला नाही. कोरडी ठेवलीत तर भिंत टिकेल.”

“मग सांगा,” फादर सासूबाईंना म्हणाले. “पहिला हात तुमचा. काय करायचं?”

“मला काय विचारता?” सासूबाई म्हणाल्या. आवाज चिरलेला होता, पण बाही सोडली नव्हती. “ह्यांना विचारा. बुजवतो, बुजवतो म्हणून एवढी वर्षं काढली ह्यांनी. आज सगळ्यांसमोर एकदाचं काय ते सांगू देत.”

बाबांनी रांगेकडे बघितलं, मधल्या वाटेने दारापर्यंत आलेल्या. मग पहिल्यांदाच मान वळवून उजव्या भिंतीकडे बघितलं, बराच वेळ, मिस्त्री काम बघतो तसं.

“यंत्र येऊ देऊ नका,” ते म्हणाले. “ठोकळा उद्या मी बाहेरून काढतो आणि मागून पक्कं भरून देतो. आतली बाजू उघडी राहील. बुजवायची नाही.”